कारखान्यांसाठी स्वतंत्र सल्लागार : काम मिळवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहनांच्या सुट्या भागांच्या उद्योगात क्वालिटी, प्रॉडक्शन किंवा टूलरूम सांभाळलेली अनेक मंडळी चाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडून सल्लागार व्हायचं ठरवतात. त्यांचे फोन येतात आणि प्रश्न बहुधा तेच असतात. ते इथे उत्तरांसह मांडले आहेत. उदाहरणं भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातली आहेत, कारण माझं काम तिथेच चालतं. आयटीवाल्यांना यातलं कर आणि वसुलीचं प्रकरण लागू पडेल, बाकीचं फारसं नाही.

पहिलं काम नक्की कुठून येतं?

तुम्हाला काम करताना ज्याने पाहिलंय त्याच्याकडून. वेबसाइट बघून कोणी लघुउद्योजक अनोळखी माणसाला शॉपफ्लोरवर घेत नाही. त्याला आधी कोणाला तरी फोन करून विचारायचं असतं, ‘हा माणूस कसा आहे?’ तो फोन ज्याच्याकडे जाईल अशी माणसं तुमच्याकडे किती आहेत, त्यावर पहिलं वर्ष ठरतं.

यादी करायला बसलात की लोक जुने बॉस आणि सहकारी लिहितात आणि थांबतात. खरी कामाची माणसं वेगळीच असतात. कटिंग टूल विकणारा सेल्स इंजिनिअर आठवड्यात कितीतरी वर्कशॉप फिरतो. कुणाकडे इन्सर्ट (कटिंग टूलच्या टोकाची बदलायची पाती) भराभर जातायत, कुणाचा कस्टमर चिडलाय, हे त्याला मालकाइतकंच ठाऊक असतं. कॅलिब्रेशन लॅबवाला, सीएनसीचा सर्व्हिस इंजिनिअर, गेज बनवणारा हेही त्यातलेच. आणि सीए. कोणाचा नफा कुठे गळतोय हे सीएला ताळेबंदात दिसतं, फक्त त्यावर इलाज कोणाकडे आहे ते त्याला माहीत नसतं. ते त्याला माहीत करून द्या.

त्यांना काय सांगायचं? ‘काम असेल तर कळवा’ म्हटलं तर काहीच होत नाही.

होणारच नाही. ‘काम’ म्हणजे काय हे समोरच्याने ओळखायचं का? नेमकी अडचण सांगा. व्हॉट्सअॅपवर एवढं पुरतं :

‘नमस्कार साहेब. मागच्या महिन्यापासून स्वतंत्र काम सुरू केलंय. मशीनिंग केलेल्या कास्टिंगचं रिजेक्शन कमी करणं आणि कस्टमर ऑडिटची तयारी, ही दोनच कामं करतो. तुमच्या किंवा ओळखीतल्या कोणाला गरज पडली तर माझं नाव लक्षात असू द्या. पुढच्या आठवड्यात तुमच्या बाजूला आहे, दहा मिनिटं येऊन भेटतो.’

यात बायोडेटा नाही, पीडीएफ नाही. ‘टोटल बिझनेस ट्रान्सफॉर्मेशन’ तर अजिबात नाही. आणि भेटतो म्हटलंत की भेटायला जा.

माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. तो पुरेसा नाही का?

नोकरीसाठी पुरेसा होता. इथे मालक अनुभव विकत घेत नाही, त्याच्या डोक्याला झालेला ताप उतरवून घेतो. ‘क्वालिटीतलं सगळं येतं’ म्हणणारा माणूस कोणालाच वेळेवर आठवत नाही. ‘बोअरची ओव्हॅलिटी येत असेल, म्हणजे गोल भोक लंबगोल होत असेल, तर त्यांना बोलवा’ असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला फोन येतो. अनेकांना हे पटत नाही. इतकी वर्षं प्लांट सांभाळला आणि आता बोअरपुरतं ओळखलं जायचं? पण दार बोअरचंच असतं. आत गेल्यावर मालक स्टोअर, प्लॅनिंग, माणसं असं सगळं दाखवतो आणि विचारतो.

पेच असा की हे अरुंद दार कुठलं, ते आपल्याला स्वतःला कळत नाही. जुन्या कंपनीत लोक कशासाठी तुम्हाला दुसऱ्या विभागातून बोलावून न्यायचे ते आठवा. बहुतेक वेळा तेच असतं.

जुन्या कंपनीच्या पुरवठादारांकडे गेलं तर चालतं का? नोकरी सोडल्यावर दोन वर्षं असं काम करायचं नाही, अशी अट नेमणूकपत्रात आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे एखाद्याला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. नोकरी संपल्यानंतर लागू होणाऱ्या अशा अटी आपल्याकडची न्यायालयं सहसा उचलून धरत नाहीत. पण गोपनीयतेची अट ही वेगळी गोष्ट, ती टिकते. ड्रॉइंग, पीएफएमईए (प्रक्रियेत काय चुकू शकतं त्याचा तक्ता), दर, कस्टमरची पत्रं यातलं काहीही पेनड्राइव्हवर आणायचं नाही. डोक्यातली समज तुमची, फाइल कंपनीची.

कायद्यापलीकडचा माझा सल्ला असा की बाहेर पडताना बॉसला स्वतःच सांगून ठेवा, ‘अमुक प्रकारचं काम करणार आहे.’ त्याला बाहेरून कळलं तर तो पुरवठादाराला एक वाक्य सुनावतो आणि दरवाजा बंद होतो. तुमच्याकडून कळलं तर पुष्कळदा पहिलं काम तोच देतो, एखाद्या अडलेल्या पुरवठादाराकडे पाठवून.

चेंबर, असोसिएशन यांचा उपयोग होतो का?

होतो, पण सभासद होऊन घरी बसलात तर नाही. पुण्यात मराठा चेंबर १९३४ पासून आहे. नाशिकला निमा, अंबडच्या उद्योजकांची आयमा. छत्रपती संभाजीनगरला मसिआ आणि सीएमआयए. कोल्हापूरला शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा. सगळीकडे व्याख्यानं, प्रशिक्षणं, समित्या चालू असतात. एखादं दोन तासांचं सत्र घ्या. मानधन किरकोळ असेल किंवा नसेलही. विषय मात्र ‘गुणवत्तेचं महत्त्व’ असा नको. ‘पीपीएपी का परत येतो’ असा ठेवा (पीपीएपी म्हणजे नवा भाग मंजूर करून घ्यायला ग्राहकाला द्यायचा कागदपत्रांचा संच). सत्र संपल्यावर चहाच्या वेळी बाजूला घेऊन ‘आमच्याकडे पण असंच होतंय’ म्हणणारा माणूस भेटला, की दिवस सार्थकी लागला.

लिंक्डइन, नोकरीच्या साइट?

लिंक्डइनवर प्रोफाइल नीट ठेवा. नाव कानावर आलेला माणूस तिथे खातरजमा करतो, एवढाच त्याचा उपयोग. मोठ्या कंपन्यांच्या परचेसमधली किंवा परदेशी माणसं तिथून येऊ शकतात. भोसरीच्या टी ब्लॉकमधला मालक येत नाही. नोकरीच्या साइटवर वेळ घालवू नका.

पहिल्या भेटीत काय करायचं? पैसे घ्यायचे का?

पहिल्या दोन तासांचे पैसे मी घेत नाही. लेखी अहवाल मात्र फुकट देत नाही. कारण तो अहवाल मालकाच्या मेव्हण्याकडे, तिथून आणखी एका सल्लागाराकडे जातो आणि आपल्याला ते नंतर कळतं.

ऑफिसात बसून प्रेझेंटेशन दाखवू नका, शॉपफ्लोरवर चला म्हणा. लाइनवरच्या लाल पेटीत, म्हणजे नापास तुकडे टाकतात त्या पेटीत, बघा. तुकड्यांवर कारण लिहिलेला टॅग आहे, की नुसता ढीग? पेटी घासूनपुसून रिकामी असेल तर जास्त सावध व्हा. रिजेक्शन कुठेतरी दुसरीकडे जातंय. गेजवरच्या कॅलिब्रेशन स्टिकरची तारीख वाचा. मग ऑपरेटरला सहज विचारा, ‘इन्सर्ट किती तुकड्यांनी बदलता?’ हाच प्रश्न थोड्या वेळाने सुपरवायझरला विचारा. दोघांचे आकडे जुळले नाहीत की तुमचं पहिलं काम तिथेच सापडलं. हे मालकासमोर, ऑपरेटरच्या देखत बोलून दाखवायचं नाही. ऑपरेटर एकदा का आपल्यावर बिथरला, की पुढचे तीन महिने खरी माहिती मिळत नाही.

परत केबिनमध्ये आलात की मालकाला एकच विचारा : ‘या अडचणीचा महिन्याचा खर्च किती?’ बहुतेकांनी तो काढलेला नसतो. तिथेच कागदावर काढा. समजा, महिन्याला ४०,००० तुकडे जातात, रिजेक्शन ३ टक्के, आणि मशीनिंगसह एका तुकड्याची किंमत ९० रुपये. म्हणजे १,२०० तुकडे, १,०८,००० रुपये महिन्याला भंगारात (भंगाराचे चार पैसे परत येतात ते सोडून द्या). रिजेक्शन १ टक्क्यावर आणलं तर महिन्याला ७२,००० वाचतात, वर्षाला ८,६४,०००. हा आकडा मालकाच्या हस्ताक्षरात कागदावर असला तर फीची बोलणी पुष्कळ सोपी होतात.

फी किती मागायची?

पगाराला २५ने भागून रोजचा दर काढणारे लोक सहा महिन्यांत परत नोकरी शोधायला लागतात. नोकरीत सुट्टीचा, आजारपणाचा, मीटिंगमध्ये वाया गेलेल्या दिवसाचाही पगार मिळत होता. पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम वेगळं. आता वर्षातले साधारण अडीचशे कामाचे दिवस धरले तरी निम्मेच विकले जातील असं समजा. बाकीचे भेटीगाठी, प्रस्ताव, प्रवास, वसुलीचे फोन यात जातात. वर्षाचं पॅकेज १८ लाख असेल तर १२० दिवसांना भागून रोजचे १५,००० येतात. हा तुमचा तळ आहे. याखाली जाऊन जास्त दिवस विकणं म्हणजे आधीपेक्षा कमी पगाराची, बिनसुट्टीची नोकरी.

लहान मालकाला मात्र ‘रोजचे १५,०००’ ऐकून धक्का बसतो, कारण तो लगेच आपल्या मॅनेजरच्या पगाराशी ताडून बघतो. म्हणून दिवसाचा दर सांगूच नका. कामाचा आकडा सांगा : ‘तीन महिने, आठवड्यातून एक भेट, एवढे एवढे रुपये.’ प्रवासखर्च वेगळा लिहायला विसरू नका. चाकणच्या वाहतुकीत अर्धा दिवस जातो, त्याचे पैसे कोणीच देत नाही.

‘वाचलेल्या पैशातले दहा टक्के देतो’ असं म्हणाले तर?

ऐकायला छान आहे. पण बचत किती झाली हे कोण मोजणार? त्यांचाच अकाउंटंट. रिजेक्शन खाली आलं की ‘ते नव्या मशीनमुळे झालं’ हे वाक्य हमखास येतं. निम्मी फी ठरलेली आणि निम्मी निकालावर इथपर्यंत मी जातो, तेही सुरुवातीचा आकडा दोघांच्या सहीने नोंदवलेला असेल तर. पूर्ण टक्केवारीवर कधीच नाही.

प्रस्तावात काय लिहावं?

दोन पानं पुरतात. अडचण त्यांच्याच शब्दांत, आजचा आकडा, गाठायचा आकडा, भेटी किती, त्यांच्याकडून कोणता माणूस किती वेळ देणार, फी आणि हप्ते. त्यांच्या माणसाचा वेळ हा मुद्दा सगळे गाळतात आणि काम तिथेच अडकतं. जबाबदारी मिळालेल्या फीपुरतीच मर्यादित राहील, हे वाक्यही घाला. अॅडव्हान्स ३० टक्के मागा. अॅडव्हान्सला नाही म्हणणारा शेवटच्या हप्त्यालाही नाहीच म्हणतो.

मोठ्या कन्सल्टन्सी फर्मच्या हाताखाली काम घ्यावं का?

सुरुवातीला हरकत नाही. दर निम्मा मिळतो, पण कॅलेंडर भरतं आणि नवे कारखाने बघायला मिळतात. ‘आमच्या ग्राहकाकडे परस्पर जाणार नाही’ अशी अट घालतात, ती पाळा. ही दुनिया फार लहान आहे. पैसे मात्र ‘ग्राहकाने आम्हाला दिले की देऊ’ या तत्त्वावर नकोत. ठरावीक दिवसांत मिळतील असं लिहून घ्या.

सरकारी योजनांतून काम मिळतं म्हणतात. खरं आहे का?

आहे, पण त्यावर घर चालेल असं समजू नका. केंद्राची एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) लीन योजना, म्हणजे कारखान्यातलं वाया जाणं कमी करण्याची योजना, मार्च २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली. त्यात हाताशी धरून काम करून देणाऱ्या सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के भाग सरकार उचलतं. झेड (दोष नसलेलं आणि पर्यावरणाला हानी न करणारं उत्पादन) प्रमाणपत्राच्या ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड पातळ्यांसाठीही अनुदान आहे : सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के. या योजनांची नीट माहिती असणं हे योजनेच्या सल्लागारांच्या पॅनेलवर असण्याइतकंच उपयोगी पडतं. ‘तुमच्या खिशातून एवढेच जातील’ असं सांगणाऱ्या माणसाला मालक बसवून घेतो. पैसे सरकारी वेगाने येतात, हे गृहीत धरा.

मी आयएटीएफचा (वाहनउद्योगाच्या गुणवत्ता मानकाचा) ऑडिटरही होऊ शकतो का? दोन्हीकडून काम मिळेल.

दोन्ही करता येतं, एकाच कारखान्यात नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना लागू असलेलं आयएसओ १७०२१-१ हे मानक स्पष्ट आहे : ज्या कंपनीला व्यवस्थापन प्रणालीचा सल्ला दिला, तिचं ऑडिट त्या माणसाने निदान दोन वर्षं करायचं नाही. शिवाय प्रमाणन संस्थेने स्वतः असा सल्ला विकायचाच नाही. ‘डॉक्युमेंटही आम्हीच करतो, सर्टिफिकेटही आम्हीच आणून देतो’ अशी पॅकेज विकणारे दिसतात. त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये तो कागद टिकत नाही आणि नाव तुमचं खराब होतं.

जीएसटी नोंदणी लगेच करू का?

महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सक्तीची. त्याखाली असाल तर सेवा दुसऱ्या राज्यात दिली तरी सक्ती नाही. कोल्हापूरकरांचं बेळगावच्या उद्यमबागेत येणंजाणं असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं. मोठी कंपनी मात्र जीएसटी क्रमांकाशिवाय व्हेंडर कोडच उघडत नाही, तेव्हा ऐच्छिक नोंदणी करावी लागते. तुमच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट ग्राहकाला मिळतं, त्यामुळे त्याची कुरकुर नसते. एकदा नोंदणी केली की काम नसलेल्या काळातही शून्याचं रिटर्न भरावं लागतं.

टीडीएस आणि आयकर?

व्यावसायिक सेवांवर १० टक्के टीडीएस कापला जातो. निव्वळ तांत्रिक सेवा म्हणून धरली तर २ टक्के. अकाउंट्सवाले वाद नको म्हणून १० कापतात. बिलात जीएसटी वेगळा दाखवा, म्हणजे टीडीएस मूळ रकमेवरच लागेल. कापलेला पैसा आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-विवरणात (लोक त्याला २६एएस म्हणतात) आलाय का, हे दर तिमाहीला बघा.

तांत्रिक सल्लागारांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे, जिला सगळे ४४एडीए म्हणून ओळखतात. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीने आलेले पैसे ५ टक्क्यांच्या आत असतील तर ७५ लाखांपर्यंत, निम्मी जमा उत्पन्न धरून कर भरता येतो, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदललेत. महाराष्ट्रात व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी आणि वर्षाचे २,५०० रुपये हेही लक्षात ठेवा. लोक हमखास विसरतात.

प्रायव्हेट लिमिटेड काढू का?

नको. स्वतःच्या नावाने प्रोप्रायटर म्हणून सुरू करा. वर सांगितलेली अनुमानित उत्पन्नाची सोय प्रायव्हेट लिमिटेडला नाही, एलएलपीलाही नाही.

पैसे अडकले तर?

आधी बिल नक्की कुठे आहे ते शोधा. मोठ्या कंपनीत तुमचं काम झाल्याची नोंद, म्हणजे सर्व्हिस एंट्री शीट, संबंधित माणसाने सिस्टीममध्ये केल्याशिवाय अकाउंट्सला बिल दिसतच नाही. ज्याच्यासाठी काम केलं तो खूश असतो, बिल मात्र त्याच्याच टेबलावर पडून असतं. त्याच्या शेजारी बसून नोंद करून घ्या, पीओ (खरेदी ऑर्डर) क्रमांक जुळतोय का बघा, मग अकाउंट्सकडे जा.

उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेवा. ती फुकट आहे, सेवा देणाऱ्यांनाही मिळते. नंतर केली तर त्यावरून वाद निघतात. एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळे, मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा मिळतो. या शेवटच्या गोष्टीची मार्चमध्ये एक नम्र ईमेलने आठवण करून दिली, की बरीच बिलं सुटतात. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते आणि प्रकरण थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जातं, पण तिथे गेलात की तो ग्राहक गेला असं समजून जा.

एकच ग्राहक महिन्याचे सगळे दिवस बांधून घेतोय. घेऊ का?

घ्या, पण आठवड्याचे तीनच दिवस. सगळे दिवस एकाला दिले, त्यांच्या वेळेत हजेरी लावली, त्यांच्या मॅनेजरला रिपोर्ट केलं, की तुम्ही बिल फाडणारे नोकर झालात. मग कर अधिकाऱ्यालाही ‘हा पगारच आहे’ असं म्हणायला जागा मिळते. त्याहून वाईट म्हणजे ते काम संपतं त्या दिवशी तुमच्या हातात दुसरं काहीच नसतं, कारण इतके महिने तुम्ही कोणाला भेटलेलाच नसता.

काम नसलेले महिने कसे काढायचे?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडा. कंपनीचा मेडिक्लेम बंद होण्याआधी स्वतःचा घ्या. पन्नाशीनंतर शुगर-बीपी निघालं की पॉलिसीला अटी लागतात. दिवाळीच्या आसपास आणि मार्चअखेर कोणी नवं काम सुरू करत नाही, तेव्हा तो काळ जुन्या ग्राहकांकडे बिनकामाचं जाऊन येण्यासाठी ठेवा. भोसरी-पिंपरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. मशीन बंद, फोन शांत, आणि मालक बरेचदा ऑफिसात एकटाच कागद आवरत असतो. आधी फोन करून गुरुवारी अकराच्या सुमाराला जा. इतर दिवशी पाच मिनिटं न देणारा माणूस त्या दिवशी तासभर बोलतो.

व्हिजिटिंग कार्ड छापू का?

शंभर छापा. नाव, मोबाइल नंबर आणि खाली एका ओळीत तुम्ही कोणती अडचण सोडवता ते.